टाळूतल्या खिडक्या

एक काम कर. उजवा हात पुढे धर आणि मूठ अर्धीच मीट. आत एक लिंबू मावेल एवढी जागा ठेव. आता समज, त्या जागेत कोणीतरी बसलं आहे. अंग मऊ, वरून करडं-तपकिरी, पोटाकडे सायीच्या रंगाचं. कान इतके पातळ की त्यांतून उजेड दिसतो. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, काजळ घालताना कोणाचा तरी हात हलावा तशी. शेपटी अंगापेक्षा लांब, आणि ती तुझ्या करंगळीला वेढा घालून बसली आहे. उंदीर वाटतो ना? सगळ्यांना तसंच वाटतं. दाबू नकोस. त्याचं काळीज तुझ्या तळहाताला लागतं आहे, इतकं जलद की ठोके वेगळे कळत नाहीत.

आता डोळे मीट, कारण अजून वारा यायचा आहे. तो उत्तरेकडून येतो. आपल्याकडे उत्तरेचा वारा म्हणजे थंडी. पण आपण पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात आहोत, तिथे विषुववृत्त उत्तरेला असतं, म्हणून उत्तरेचाच वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर येतो. समोर तुझ्या डोक्यावरून जाईल एवढं उंच गवत आहे, नजर पोचेल तिथपर्यंत. त्या गवतावर काळे, हलके तुकडे तरंगत येऊन पडताहेत. एखादा झेललास तर बोटात चुरा होतो. कुठेतरी दूर आधीच गवत पेटलं आहे, त्याची ती राख.

ती मूठ केतकी नाकाडेची होती. केतकी तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि मी तिच्या शेजारी पत्र्याच्या शेडखाली उपड्या बादलीवर बसलो होतो.

"सरआजोबा," ती म्हणाली, "हा नुसतं तोंड उघडून बसलाय. ओरडत का नाही?"

"ओरडून कोणाला बोलावणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी गंमत करतो आहे की खरं सांगतो आहे, ते ती नेहमी आधी ठरवून घ्यायची. मग तिने मूठ छातीशी धरली.

सरआजोबा हे माझं नाव तिने स्वतःच जुळवलं होतं. तिची आई, डॉक्टर सुलभा नाकाडे, नागपूरच्या कॉलेजात माझी विद्यार्थिनी होती आणि मला सर म्हणायची. मुलीने त्याला आजोबा जोडलं. सुलभा दोन वर्षांपासून पॅराग्वे नावाच्या देशात रानातल्या लहान प्राण्यांचा अभ्यास करत होती. मी निवृत्त झालो तेव्हा तिने मला एका हंगामासाठी बोलावून घेतलं, कारण कवट्या हा माझा विषय. केतकीला राजधानीत सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून तीही शाळा बुडवून आली होती. पण तिच्यावाचून आमचं पान हलत नव्हतं. माझं स्पॅनिश भाजीबाजारापुरतं, सुलभाचं पुस्तकी. केतकी मात्र तिथल्या शाळेत शिकलेली. रँचवरच्या माणसांशी आमचं जे काही बोलणं व्हायचं ते तिच्या तोंडून.

रँच म्हणजे गुरांचं मोठं कुरण. त्याच्या एका कडेला, नदीलगत, ओलसर जमिनीवर उंच गवताचा एक लांब पट्टा होता. मालकाला तो जाळून, नांगरून गुरांसाठी दुसरं गवत पेरायचं होतं. सरकारी खात्याने परवानगी दिली होती, पण एक अट घालून: आधी सुलभाने तो पट्टा तपासायचा. त्या भागात दुसरीकडे कुठे न सापडलेलं काही तिथे राहत असेल, तर पट्ट्याला हात लावायचा नाही. नसेल, तर मुदत संपताच काडी लावायची. आम्ही गवतात बादल्या काठापर्यंत पुरून ठेवल्या होत्या, रात्री हिंडणारे जीव त्यांत पडावेत म्हणून. बेडूक पडले, कोळी पडले, साधे उंदीर पडले. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला, दुपारी ती संपणार होती, आणि त्या सकाळी एका बादलीच्या तळाशी हा बसलेला सापडला.

"उंदीर नाही म्हणता, मग हा कोणाचा कोण?" केतकीने विचारलं.

मी तिला सांगितलं ते तुलाही सांगतो. हा ऑपॉसम. कांगारूचा फार दूरचा नातेवाईक. उंदराशी त्याचं नातं तुझ्यामाझ्याशी आहे तेवढंच, म्हणजे जवळजवळ नाहीच.

"कांगारूचा? मग याच्या आईला पिशवी असेल."

"याच्या जातीच्या आईला पिशवी नसते. पिल्लं शेंगदाण्यापेक्षाही लहान जन्मतात आणि तिच्या पोटाला, स्तनांना तोंडाने धरून लोंबत राहतात. उघड्यावर. द्राक्षांचा घड असावा तशी."

"आणि ती पळाली तर?"

"धरून ठेवतात."

"खूप पळाली तर?"

"एवढ्या ओझ्याने तिला खूप पळता येत नाही."

केतकी गवताकडे बघत राहिली. वसंत सुरू झाला होता. तिथे तो आपल्या भादव्यात येतो. म्हणजे त्या गवतात तेव्हा अशा किती आया असतील, हा हिशोब तिने केला असणार. मला तिने विचारला नाही.

कुंपणाच्या खांबांवर पक्षी येऊन बसू लागले होते. गिधाडासारखं तोंड आणि ससाण्यासारखं अंग असलेले, काळ्या टोपीचे. काराकारा म्हणतात त्यांना. ते एकमेकांकडे बघत नव्हते, भांडत नव्हते. सगळे गवताकडे तोंड करून बसले होते. मी दोन-तीन हंगाम जंगलात काढलेला माणूस, पण असे पंगतीला बसल्यासारखे बसलेले पक्षी मी पाहिले नव्हते. केतकीने स्वयंपाकघरातल्या बाईला विचारलं. बाई म्हणाली, त्यांना आधी कळतं. आग लागली की जे जे बाहेर पळतं ते खायला येतात.

"यांना कोणी सांगितलं?" केतकी म्हणाली. बाईने खांदे उडवले आणि पीठ मळायला लागली.

सुलभा स्वयंपाकघरातून आली. रँचचा रेडिओ तिथेच होता, शहरातल्या खात्याच्या साहेबाशी बोलायचं ते त्याच्यावरूनच. ती सकाळीच बोलून आली होती. साहेब म्हणाला होता, सापडलेला प्राणी नक्की कोण ते सांगा, मी लगेच मालकाला थांबवतो. पण नक्की सांगा, बहुतेक-बिहुतेक चालणार नाही.

तिने मुलीच्या मुठीकडे पाहिलं.

"नाव नको ठेवू हं त्याचं."

"नाही ठेवलं."

"ते माझं काम आहे," सुलभा हसून म्हणाली, पण हसणं तोंडापुरतंच होतं.

आता तुला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वी अशा सगळ्या चिमुकल्या ऑपॉसमांना शास्त्रज्ञ एकाच घराण्यातले समजत. त्या सुमारास कोणीतरी कवट्या पुन्हा नीट पाहिल्या आणि ध्यानात आलं की यांतल्या काहींची चूल वेगळीच आहे. त्या वेगळ्या घराण्याला जे लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ साधारण 'लपलेला बुटका' असा होतो. लपलेला, कारण तो इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावाखाली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसून होता. बाहेरून पाहिलंस तर दोन्ही घराणी सारखीच: तेच काजळ, तीच शेपटी, तेच कान. फरक तोंडात. टाळूच्या हाडात मागच्या बाजूला मोठ्या फटी दोघांनाही असतात. पण दाढांच्या ओळीजवळ आणखी एक बारीक खिडक्यांची जोडी असते, ती जुन्या घराण्याला असते आणि लपलेल्या बुटक्याला नसते. खिडक्या असलेला पलीकडच्या झाडीत हवा तेवढा होता, आणि चुकून गवतात येऊ शकत होता. खिडक्या नसलेला त्या भागात कोणालाच कधी सापडला नव्हता.

पट्ट्याचं भवितव्य त्या खिडक्यांवर होतं, आणि त्या खिडक्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

हे मी सांगितल्यावर केतकी म्हणाली, "मग बघा की. तोंड उघडंच आहे त्याचं."

"हाड दिसत नाही, बाळ. वरून कातडी असते. तुझ्या टाळूला जीभ लावून बघ."

तिने जीभ लावली. तशीच थोडा वेळ बसली, तोंड मिटून, आत जीभ फिरवत. मग तिचं फिरवणं थांबलं. मी समजलो की तिला समजलं.

तिने आईकडे पाहिलं. "फोटो काढायचं मशीन असतं ना, हाडांचं? मी पडले तेव्हा काढला होता."

"ते शहरात," सुलभा म्हणाली. "जायला एक दिवस, यायला एक दिवस."

"केस पाठवा मग. रक्त पाठवा."

"त्याचं उत्तर यायला महिने लागतात. आज दुपारी काडी लागणार आहे, केतकी."

"मग दुसरा पकडा."

"दुसऱ्यालाही हेच करावं लागेल. तो काय जास्तीचा असतो?"

सुलभा केतकीसमोर उकिडवी बसली आणि सगळं सावकाश सांगू लागली. हा एक, आणि तिथे आत याच्यासारखे कितीतरी. हा एक दिला तर ते सगळे राहतील, गवत राहील, बेडूक राहतील. ती चांगली आई होती आणि चांगली शिक्षकही. पण मी पाहत होतो, बोलताना तिची नजर सारखी त्या मुठीवर जात होती आणि परत येत होती.

"आणि खिडक्या असल्या तर?" केतकीने विचारलं.

सुलभाने नजर मुठीवरून काढून गवताकडे नेली.

"म्हणजे हा पण मरेल आणि ते पण जळतील."

"हो."

"खोटं सांगायचं मग. नाहीत म्हणून सांगायचं."

"मी एकदा खोटं सांगितलं, तर पुढच्या गवताच्या वेळी माझं खरं कोण ऐकेल?"

केतकी म्हणाली, "तुमच्यात नाव मेल्यावरच मिळतं," आणि हे तिने रागाने म्हटलं नाही. एखादी नवी माहिती पाठ करावी तसं म्हटलं.

तेवढ्यात मुकादम आला. डॉन अनसेल्मो त्याचं नाव; डॉन म्हणजे आपल्याकडचं 'राव'. पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या, घोड्यावर बसला की तरुण दिसायचा. शिंगाच्या पेल्यातून नळीने कडू पाल्याचं थंड पाणी ओढत तो सगळ्यांची चेष्टा करायचा. मला तो मेलेल्यांचा डॉक्टर म्हणे. माझ्या औषधाने कोणी तक्रार करत नाही, याचं त्याला फार कौतुक. केतकीला तो लाडाने वकीलबाई म्हणायचा, कारण आईच्या वतीने ती भांडायची. त्या दिवशी मात्र तो घोड्यावरून उतरला नाही. त्याने वाऱ्याकडे तोंड केलं, हुंगलं, आणि केतकीला काही सांगितलं.

"तो म्हणतो, वारा चांगला आहे. असाच राहिला तर आग नदीकडे जाईल आणि तिथे विझेल. वारा फिरला तर पाऊस येईल, आणि मग या वर्षी जाळता येणार नाही. माणसं पलीकडच्या टोकाला गेलीत. त्याला विचारायचंय, आपलं झालं का?"

"त्याला सांग, थोडा वेळ दे. आज उत्तर देते."

केतकीने सांगितलं. डॉन अनसेल्मोने मान हलवली. तुमची मुदत आहे तोवर मी काडी काढणार नाही, असं तो म्हणाला, आणि जाताना खांबांवरच्या पक्ष्यांकडे बघून त्याने टोपी जरा पुढे ओढली.

सुलभाने हात पुढे केला.

"दे."

केतकीने मूठ उघडली. प्राणी हलला नाही. त्याची शेपटी तिच्या करंगळीला घट्ट होती. सुलभाने सोडवायला बोट लावलं तशी केतकीने हात मागे घेतला. "ओढू नको," ती म्हणाली, "तो सोडेल." आम्ही तिघं तसेच थांबलो. शेडचा पत्रा वाऱ्याने कुरकुरत होता. बऱ्याच वेळाने शेपटीचा एक वेढा सैल झाला, मग दुसरा. केतकीने त्याला आईच्या हातात दिलं नाही. माझ्या हातात दिलं. मग ती शेडबाहेर जाऊन कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली.

पुढचं मी तुला सांगणार नाही. त्याला दुखलं नाही, एवढं सांगतो, आणि ते खरं आहे.

त्यानंतरचं काम माझ्या सवयीचं. धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी, चिमटा, मऊ ब्रश, आणि धीर. एवढी लहान कवटी घाईने साफ करायला गेलं तर तीच पिठासारखी होते. सुलभा समोर बसून होती. तिने मदत केली नाही आणि मीही मागितली नाही. मध्येच ती म्हणाली, "सर, काहून इतकं गरम होऊन राहिलं?" ती अमरावतीकडची. एरवी तिची भाषा कॉलेजातली असायची, पण भीती वाटली की घरची भाषा वर यायची. मी म्हटलं, वारा आहे. तिलाही ते दिसतच होतं.

कवटी तयार झाली तेव्हा ती माझ्या अंगठ्याच्या नखाहून थोडीच मोठी होती. मी ती उलटी करून शेडच्या कडेला, उन्हाकडे धरली आणि डोळ्याला भिंग लावलं. मागच्या फटींतून उजेड आला, लख्ख. मग मी दाढांच्या ओळीकडे सरकलो. डाव्या बाजूला हाड सलग होतं, दुधी काचेसारखं. उजवीकडे पाहिलं. सलग. कोपर गुडघ्यावर टेकवून पुन्हा पाहिलं.

"तू बघ," मी म्हटलं.

सुलभाने पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग कवटी कापसावर ठेवून ती जमिनीवरच बसली आणि तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

केतकी आत आली होती. "खिडक्या?"

"नाहीत," मी म्हणालो.

"म्हणजे तोच. लपलेला."

"तोच."

तिने मान हलवली. मोठी माणसं व्यवहार ठरल्यावर हलवतात तशी. "मग सांगा साहेबाला," ती म्हणाली. आणि आम्ही तिघं रेडिओकडे पळालो, सुलभा पुढे.

रेडिओवर कोणी बोललं नाही. नुसती खरखर. सुलभाने पुन्हा हाक दिली, पुन्हा खरखर. तिने बटणं फिरवली, तार हलवली. पीठ मळणारी बाई आता चुलीपाशी बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. तिने एक डोळा उघडला आणि केतकीला दोन शब्द सांगितले.

केतकीने ते आईला सांगितले. "दुपारची झोप."

त्या देशात दुपारी सगळं बंद होतं. दुकानं, शाळा, कचेऱ्या. ऊन असं असतं की झोपण्यावाचून इलाज नसतो. जेवण झालं की साहेब घरी जातो आणि चार वाजेपर्यंत सरकार नावाची वस्तू जागी नसते. सुलभा तिथे दोन वर्षं राहिली होती. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आम्ही दोघंही आपल्याकडची माणसं; कचेरी म्हटलं की दुपारी उघडीच असणार, हे आमच्या हाडात. सकाळपासून आमची सगळी घाई कवटीची होती. साहेब जागा असेल की नाही, हे आमच्यापैकी कोणी मनातही आणलं नव्हतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा डॉन अनसेल्मो कुंपणाच्या फाटकाशी उभा होता. या वेळी घोड्यावरून उतरून. त्याच्या हातात लांब दांड्याचा पलिता होता, टोकाला तेलात भिजवलेलं चिंध्यांचं बोंडकं. अजून पेटवलेला नव्हता. खांबांवर आता जागा राहिली नव्हती. पक्षी जमिनीवरही बसले होते, तोंडं गवताकडे.

सुलभा त्याच्यासमोर गेली आणि कापसावरची कवटी तिने त्याला दाखवली. केतकी भराभर सांगत होती. सापडला. खरा आहे. या भागात कुठेच नाही तो इथे आहे. साहेब उठला की मालकाला थांबवणार आहे.

डॉन अनसेल्मोने टोपी काढून कवटी पाहिली. त्याने ती बराच वेळ पाहिली, आणि त्यात थट्टा नव्हती. मग तो बोलला, आमच्याशी नाही, केतकीशी.

"तो म्हणतो, माझा मालक झोपलाय, तुमचा साहेब झोपलाय. जागा आहे तो फक्त वारा. मुदत संपली. मला हाडातलं कळत नाही. मला काल मालकाने सांगितलं, वारा आला की जाळ. आता दुसरं सांगायला कोणी उठत नाही तोवर मला पहिलंच ऐकावं लागेल. नाहीतर उद्या इथे दुसरा मुकादम असेल, आणि तो तुम्हाला इतकंही सांगणार नाही."

"दोन तास," सुलभा म्हणाली. "त्याला म्हण, दोनच तास."

केतकीने म्हटलं. त्याने आकाशाकडे बोट केलं. दक्षिणेला, क्षितिजाच्या अगदी काठाला, एक निळी-काळी रेघ दिसू लागली होती. तोच फिरणारा वारा, तोच पाऊस. दोन तासांत तो इथे येईल, असं तो म्हणाला. मला वाईट वाटतं, असंही म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं.

सुलभा हट्टाने तशीच उभी होती. तिचा आवाज चढला, मग फाटला. ती सरळ वऱ्हाडीत त्याच्याशी भांडू लागली, त्याला एक अक्षर कळत नाही हे विसरून. "अरे माणसा, आमी जीव घेतला न त्याच्यासाठी, काहून ऐकून नाही राहिला तू?" त्याने केतकीकडे पाहिलं, काय म्हणते म्हणून. केतकीने ते वाक्य सांगितलं नाही. ती आईकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली. "मग त्याला मारलं कशाला?"

सुलभाने कवटीवर कापूस ओढला.

केतकीने माझ्याकडेही पाहिलं. मी आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत आलो होतो. त्या वेळी मी दक्षिणेच्या त्या रेघेकडे पाहिलं. केतकीने वाट पाहिली नाही.

डॉन अनसेल्मोने चकमक काढली आणि वाऱ्याकडे पाठ करून पलिता पेटवला. ज्योत आडवी झाली, मग उभी राहिली. तो फाटकाकडे वळला तर केतकी त्याच्या पुढे होती. ती धावली नाही. तिने फाटकाची कडी काढली, आत गेली, आणि शाळेचं दप्तर घेतलेली मुलं आपल्या मागे दार लावतात तसं फाटक लावून घेतलं. मग ती गवतात शिरली. दोन पावलांत तिचे खांदे गेले, तिसऱ्यात डोकं. गवत तिच्यावर मिटलं आणि वाऱ्याने पुन्हा सगळं सारखं केलं.

सुलभा किंचाळली नाही. तिच्या तोंडून केतकी एवढंच आलं, हळू, घरात कोणी झोपलेलं असावं तसं.

डॉन अनसेल्मो पलिता हातात घेऊन उभा राहिला. आत कुठे, किती खोल, कोणत्या बाजूला, काहीच दिसत नव्हतं. पलीकडच्या टोकाला त्याची माणसं होती, हातात असेच पलिते घेऊन, त्याच्या इशाऱ्याची वाट पाहत. त्याने कुंपणापाशी थांबलेल्या एका स्वाराला शिटी मारली आणि हाताने नाही, नाही अशी खूण केली. स्वार कुंपणाच्या कडेने भरधाव सुटला. तो वेळेत पोचेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. खांबांवरचे दोन पक्षी उडाले आणि पुन्हा येऊन बसले.

मग आतून आवाज आला. स्पष्ट, मोठा, वर्गात उभं केलेल्या मुलीसारखा.

"तेरा एके तेरा."

डॉन अनसेल्मोने माझ्याकडे पाहिलं. त्याला मराठीचं काही कळत नव्हतं, पण आपल्याला ऐकू यावं म्हणून हे चाललं आहे, हे त्याला कळलं.

"तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस."

प्रत्येक वेळी आवाज थोडा दूरून येत होता. ती चालत होती. पट्ट्याच्या मध्याकडे, जिथे ती असली की कोणत्याच बाजूने पेटवता येणार नाही, तिकडे.

"तेरा चोक बावन्न. तेरा पाचे…"

आवाज थांबला. गवतावरून वारा गेला. सुलभा फाटकाची कडी घट्ट धरून उभी होती. डॉन अनसेल्मोने पलिता खाली केला, बुटाने त्यावर माती ओढली, आणि टोपी काढून कान त्या गवताकडे दिला. ज्योत विझली तरी चिंध्यांतून धूर येत होता. आम्ही सगळे थांबलो होतो, पुढच्या आकड्यासाठी.

बऱ्याच दूरून, आणखी खोलातून, केतकीने म्हटलं, "पासष्ट," आणि ती पुढे चालू लागली.